टोपलीचं झाकण

एकोणीसशे एकोणनव्वद साली नौपाड्यातल्या त्या कॉम्प्युटर क्लासात मशिनं तीन आणि शिकणारे तीस. आठवड्यातून एकेकाला अर्धा तास. शनिवारी जो सगळ्यात कमी वेळात प्रोग्रॅम टाइप करून बरोबर चालवून दाखवेल, त्याचं नाव सर कोलशेतच्या एका कारखान्याला कळवणार होते. जागा एकच होती आणि मालनला ती हवीच होती.

सात आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, एवढंच काम. पण मालनच्या प्रोग्रॅममध्ये काही आकडे गायब व्हायचे आणि एकच आकडा चार-चारदा यायचा. ती घाईघाईने काहीतरी बदलायची, पुन्हा चालवायची, की अर्धा तास संपलाच.

शुक्रवारी सकाळी ती कळव्याच्या बाजारात आईजवळ तोंड पाडून बसली. भागीरथी पाटावर पापलेटं लावत होती.

"काय गो, तुझ्या मशिनशी भांडण झालं?"

"आये, आकडे नीट लागतच नाहीत."

"माझ्यासारखे लाव. शेजारचे दोन बघायचे, मोठा आधी असला की अदलाबदल. टोकाला पोचलं की परत पहिल्यापासून."

"तेच तर सांगितलंय त्याला!"

भागीरथीच्या उजव्या हातातला कोयता बाजार उठेपर्यंत खाली येत नसे. मोकळा हात एकच. तिने मोठं पापलेट उचलून टोपलीच्या झाकणावर ठेवलं, त्याच्या जागी लहान सरकवलं, मग झाकणावरचं उचलून रिकाम्या जागेत मांडलं.

"थांब आये! झाकणावर कशाला ठेवलंस?"

"मग काय एकावर एक ठेवू? खालचं चेपंल ना, बाय!"

मालन ताडकन उठली. मशिनलाही हात एकच होता, आणि तिने त्याला झाकणच दिलं नव्हतं! दुसरा आकडा पहिल्याच्या जागी बसला की पहिला पुसला जायचा.

तिने मासे बांधायच्या रद्दीवर सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहिला, पहिला आकडा घटकाभर ठेवायला 'झाकण' नावाची एक जादा जागा केली आणि एकेक ओळ वाचत सात पापलेटं स्वतः हलवून पाहिली.

"अगं, विकतेयस की खेळतेयस?" रोजच्या गिऱ्हाईक विमलाबाई वैतागल्या.

"जरा दम धरा," भागीरथी म्हणाली, "माझी पापलेटं परीक्षेला बसलीत."

शनिवारी मालनने मशिनसमोर बसून विचार केलाच नाही. कागदावरचं नुसतं टाइप केलं. एकवीस मिनिटांत साती आकडे ओळीत उभे राहिले. बाकी कुणाचे अर्ध्या तासातही लागले नाहीत.

सर पडद्याकडे वाकले. "हे 'झाकण' काय लिहिलंयस?"

"ते नसलं तर खालचं चेपतं, सर."

सर हसत सुटले आणि हसता हसताच त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

मालन कोलशेतला रुजू झाली, त्या दिवशी भागीरथी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाकण उचलून दाखवत होती, "बघा, ह्याला नोकरी लागली!"