चार पदरी फडकं

आमचा बांध सरकारी नव्हता. सासऱ्यांनी भाड्याचा बुलडोझर लावून ओढ्यावर आडवी मातीची भिंत घातली आणि मागे तळं साठलं, एवढंच. ना कागद, ना तपासणी. त्या तळ्यावर आमची बाग जगायची. बांधाखालच्या खोलगटात सासऱ्यांनी लेकीला जागा दिली होती. तिथे माझी नणंद आणि तिचे यजमान रोपवाटिका चालवायचे.

"डोक्यावर भरलेला हंडा घेऊन संसार करतेय मी, वहिनी," ती हसत म्हणायची. "तुम्ही देवाला सांगा, तेवढा हंडा हलवू नको म्हणावं."

ट्रॅक्टरवरून पडल्यापासून आमच्या यांच्या पायांत जीव राहिला नव्हता. खाट खिडकीशी लावलेली. खिडकीतून बांधाचा माथा दिसायचा, पायथा दिसत नव्हता.

पायथ्याशी एका दगडाखालून करंगळीएवढी धार पाझरायची आणि ओहोळ होऊन नणंदेच्या दारावरून जायची. माझा नेम असा, की सकाळी त्या धारेचं पाणी काचेच्या गडूत भरायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही आणि पाणी जसं आलं तसं देवापुढे ठेवायचं. ठेवण्याआधी हे हात पुढे करायचे. गडू उजेडात धरून, एक डोळा मिटून बघायचे आणि परत द्यायचे. देवाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारा माणूस. मला वाटायचं, येतायत हळूहळू वळणावर. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर थट्टा केली असती, आणि तो पुढे येणारा हातही थांबला असता.

एका सकाळी पाणी किंचित पिवळट आलं. देवापुढे असलं पाणी कसं ठेवायचं? घरात येण्याआधी मागच्या पायरीवर बसून मी ते फडक्यातून गाळलं. दोन पदरांनी भागेना, चार केले. जसं आलं तसं द्यायचा नेम मोडला, म्हणून देवाची क्षमा मागितली. यांना मात्र सांगितलं नाही. हे गडू न्याहाळून म्हणाले, "वा." मला बरं वाटलं.

मग रोजच गाळावं लागलं. धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली. फडक्यावर साय धरावी तशी माती धरायची. मी ते धुऊन मागच्या कुंपणावर वाळत घालायचे.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी नणंद वर आली. हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"दादा, ओहोळ गढूळ वाहतोय रे. रोपांना घालायचं पाणी म्हणजे नुसता काला. वीसेक दिवस झाले."

"चिमे, तुझ्याच पिशव्यांची माती ती. पाणी किती ओततेस बघ आधी."

"हो का! खाटेवरून सगळं दिसतं वाटतं तुला?"

"दिसतं. ते बघ." यांनी देवाच्या फळीकडे बोट केलं. "पाझराच्या तोंडचं पाणी आहे, आज सकाळचं. तुझी वहिनी आणते, मी रोज तपासतो. पाझर गढुळला म्हणजे बांध आतून पोखरतोय. तसं असतं तर आजच्या आज झडप उघडून तळं रिकामं केलं असतं. बाग गेली खड्ड्यात. तू खाली राहतेस, मला कळत नाही का?"

नणंदेने गडू निरखला. काचेपलीकडचं तिचं बोटही स्वच्छ दिसत होतं.

"मग बरंय," ती म्हणाली. "वहिनी, तुम्ही का गप्प? दादा, वहिनी देवाशीच बोलणार, तेही कानात."

हे हसले, तीही हसली. मी उंबऱ्यात उभी होते. मागच्या कुंपणावरचं फडकं तिथून दिसत होतं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या दोघांच्या हसण्यात मी कधी मध्ये पडले नव्हते, आणि ते वाक्य भारी लाजेचं होतं. मनात म्हटलं, उद्या न गाळता आणीन. यांचं यांनाच दिसेल. मला बोलावंही लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी धार मनगटाएवढी होती. गडू भरला तर आतलं काही दिसेना. मी वाट चढत होते, नेमाप्रमाणे तोंड मिटून. खाली नणंद रोपांना पाणी घालत होती. मला बघून तिने हात हलवला. मीही हलवला. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती, इतकी ती जवळ होती.

मी दारात पोचले आणि मागून ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला. हे खिडकीच्या गजांना धरून ओरडत होते, "चिमे! चिमे!"

दुपारी ती सापडली, फर्लांगभर खाली, रोपांच्या पिशव्यांमध्ये.

दाजी, म्हणजे नणंदेचे यजमान, रोपं पोचवायला गेले होते, म्हणून वाचले. चौथ्या दिवशी ते येऊन खाटेशी बसले. हे म्हणाले, "एका रात्रीत झालं, दाजी. आदल्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. तिने स्वतः बघितलं. त्या सकाळचा गडू मात्र नुसता गाळ. कुणाला काही करता आलंच नसतं."

हे तेच वाक्य चार दिवस येईल त्याला सांगत होते. तेवढ्यावरच दोन घास पोटात जात होते.

दाजींनी मान हलवली नाही. "ती वीस दिवस म्हणत होती. आमच्या दारचा ओहोळ मीही बघत होतो. धार गढूळ नव्हती, तर ओहोळ कशाने गढुळला?"

"हिला विचारा. रोज हीच आणायची. माझी बायको खोटं बोलत नाही, तिचा नेमच आहे तसा. सांग गं, आदल्या दिवशीपर्यंत पाणी स्वच्छ होतं की नाही?"

दोघं माझ्याकडे बघत होते. गडू फळीवर पालथा होता.

मी सांगितलं.

"काय?" हे पुढे वाकले. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने बोल."

मग मला ते पुन्हा सांगावं लागलं.