मशीनची न्याहारी

एकनाथ तांडेलांचा एक नियम होता: माणूस उपाशी राहिला तरी चालेल, मशीन उपाशी ठेवायचं नाही. चाळीस वर्षं त्यांनी पालघरजवळच्या दांडी गावातून मासेमारीची बोट काढली. रोज आधी मशीन गरम करायचं, ऑइल बघायचं, जरा कमी दिसलं की ओतायचं आणि मगच स्वतःच्या घशाखाली चहा घालायचा. दर्यात गॅरेज नसतं. त्यांची बोट एकदाही भर पाण्यात बंद पडली नाही, हे ते भेटेल त्याला सांगत, आणि जो भेटायचं टाळी त्याला गाठून सांगत.

पुढे गुडघे गेले, बोट पुतण्याच्या, नवशाच्या हाती गेली आणि तांडेलांच्या अंगणात मशीन म्हणून उरली ती मुलाची डिझेल गाडी. मेहुल त्यांचा एकुलता एक. तारापूरच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने कंपनीजवळ, बोईसरला खोली बघायचं काढलं, तेव्हा तांडेलांनीच तोड काढली होती, "गाडी घे, पन दांडीतच रहा." गाडी आली म्हणून सून हेमाली आणि पाच वर्षांची रिद्धी घरात राहिल्या. गाडी चालली तर घर भरलेलं, गाडी बसली तर ओसाड. बाकी जगात काय चाललंय याच्याशी तांडेलांना देणंघेणं नव्हतं.

आणि गाडी बसत होती. आधी स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. धूर गाळायची जाळी काजळीने तुंबली, असं पालघरच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं आणि मशीन लावून ती काजळी जाळून दिली. पंधरा दिवसांत दिवा परत हजर. मग गाडी चाळीसच्या वर जाईना. मग एक सेन्सर बदलला, मग एक व्हॉल्व बदलला, आणि पुन्हा तोच दिवा. रोजच्या एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापत नाही, गाडी हायवेला पळवत जा, असा सल्ला मिळाला. तेव्हापासून दर रविवारी सगळं घर गाडीत बसून चिल्हार फाट्याला जायचं, हायवेने चारोटीपर्यंत पळायचं आणि कुठेही न उतरता परत यायचं. गावाला वाटे, तांडेलांची चैन आहे, दर रविवारी फिरायला! आत रिद्धी पिशवीत ओकत असे, मेहुल दात आवळून गाडी हाकत असे आणि काच खाली करू का, हे विचारायचीही हेमालीला भीती वाटे. मागे बसलेले तांडेल दिव्यावरून नजर काढत नसत.

त्यांनी आपल्या परीने इलाज वाढवला. पहाटे खुंटीवरची चावी घ्यायची, गाडी जागेवरच अर्धा तास सुरू ठेवायची. मग बंद करून ऑइलची पट्टी बघायची आणि नवशाच्या बोटीवरच्या कॅनमधलं थोडं ओतायचं. जाड, कसदार ऑइल. ज्याने चाळीस वर्षं दगा दिला नाही ते या पोरसवदा इंजिनाला का मानवणार नाही? ऑइलचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चांगलं काम गाजावाजा करून करायचं नसतं.

एका सोमवारी गाडी बोईसरच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत जी मेली ती उठलीच नाही. मेहुलची शिफ्ट बुडाली. गाडी ओढून पालघरला नेली, तेव्हा तांडेल हट्टाने बरोबर गेले.

तिथल्या पंढरी नावाच्या फोरमनने जाळी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "काका, काजळी जळते, राख जळत नाय. ही सगळी ऑइलची राख हाय. या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, आनि हिच्यात कुनीतरी बोटीचं नायतर ट्रकचं ओतलंय. नवी जाळी लागंल, वॉरंटीत बसनार नाय. जागेवर चालू ठेवता का? त्यानं अजून तुंबते. कोन करतं हे?"

"कुनी नाय," मेहुल लगेच म्हणाला. "माज्याशिवाय गाडीला कुनी हात लावत नाय."

तांडेलांनी जाळीवर बोट फिरवलं; बोटाला राख लागली. ज्या नियमावर ते आयुष्यभर मिरवले, त्याच नियमाने ते पोराची गाडी रोज थोडी थोडी मारत होते. लाज वाटली, फार वाटली.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. पुढे ट्रेलर अडकलेले, बस जागची हलेना. शेवटी तांडेल म्हणाले, "मेहुल, ऑइल मी ओतलंय."

"म्हाईत हाय."

"कदीपासून?"

"गनपतीपासून. खिडकीतून दिसलात. मी मोबाईलवर वाचलं पन, त्यानं जाळी जाते म्हनून."

"मंग बोललास का नाय?"

मेहुलने समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "बाबा, मला दांडीत नाय राहायचं. तुमच्या तोंडावर बोलवत नव्हतं. म्हटलं, गाडीच मेली तर तुमीच म्हनाल, जा. म्हनून बघत राहिलो." त्याचे डोळे भरले होते. "चुकलं माजं."

तांडेलांना राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षं पोरगा त्या गाडीत कसा बसत होता, ते आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्याला जाऊ द्यायला एकच शब्द पुरत होता, आणि तोही पोरानेच आयता हातात दिला होता. तांडेलांनी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे संध्याकाळचं अंगण आलं, त्यात रिद्धी नव्हती.

"नवी जाळी बसवू," ते म्हणाले. "मी आता हात नाय लावनार गाडीला. आईची शपथ."

मेहुलने डोळे मिटले. "बरं, बाबा."

दर्यावर मशीन दमलं की तांडेलांना नुसत्या आवाजावरून कळायचं. पोरगा दमलाय, हेही त्यांना कळलं. तरी ते गप्प बसले.