वदादच्या स्वयंपाकघरातला टेलिफोन

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुना टेलिफोन आहे, आणि हल्ली मला माझ्याच कानाची भीती वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा दुधी रंगाचा, तुकतुकीत होतो. सिडनीच्या पश्चिमेला, लेबनॉनहून आलेल्या वदादच्या स्वयंपाकघरात भिंतीवर बसलो, त्याला तीस वर्षं झाली. तिकडेच राहिलेल्या बहिणीशी, हैफाशी, ती तासन्‌तास बोलायची. माझी वायर चुलीपर्यंत ताणून पार सैल केली तिने. "हा नसता तर मला वेड लागलं असतं," असं पाहुण्यांना सांगे. मी फुगून जाई.

मग तिला मोतीबिंदू झाला. त्यांच्या अरबी भाषेत शस्त्रक्रियेला 'अमलिया' म्हणतात, हल्ल्यालाही अमलियाच. शिवाय आजारपण गुपचूप उरकायचं, नाहीतर नजर लागते, ही त्यांची रीत.

"हैफा, अमलिया गुरुवारी. गस्सान सगळं बघतोय. कुणाला सांगू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही!"

तारेवर तिसरंच कुणी ऐकत होतं. मला पत्ताच नव्हता.

बुधवारी सकाळी ती कोबीच्या पानांत भात भरत होती. पोलीस आले.

"बाई, उद्याची अमलिया कुठे आहे?"

"माझ्या डोळ्यात!" ती ओरडली.

"ते आम्ही बघू."

तिच्या मुलाला, गस्सानला, घेऊन गेले. आरोप नाही, खटला नाही. दहशतवादविरोधी कायद्यात तशी सोय आहे म्हणे. इस्पितळाला एक फोन केला असता तरी उलगडा झाला असता. मी तिथेच भिंतीवर होतो.

संध्याकाळी मी वाजलो.

"यम्मा, मी सुखरूप आहे. सध्या मला भेटता येणार नाही."

"कुठे आहेस राजा? जेवलास का?"

"एवढंच बोलायची परवानगी आहे, यम्मा."

चौदा दिवस ती माझ्याखाली खुर्ची टाकून बसली. शेजारणीला म्हणाली, "गस्सान कामासाठी बाहेरगावी गेलाय." खरं सांगितलं तर तो आणखी अडकेल, ही धास्ती. शस्त्रक्रियेचा दिवस तसाच गेला.

गस्सान सुटून आला. चूक झाली, असं कुणी म्हणालं नाही. आता हैफाशी फक्त हवापाण्याच्या गप्पा होतात. परवा इस्पितळातून दुभाषी बोलली, "तुमच्या अमलियाची नवी तारीख..." तो शब्द ऐकताच वदादने माझा रिसीव्हर दाणकन अडकवला. माझ्यावरचे आकडेही आता तिला नीट दिसत नाहीत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उद्या तुमच्यातलं कुणी कायदे करील, कुणी पाळत ठेवील. ऐकलेल्या शब्दाचा अर्थ आधी बोलणाऱ्याला विचारा, आणि त्याने सांगितलेलं ऐका. माणसं धास्तीने बोलायची थांबली, तर त्यांना दिसेनासं झालंय हेही कुणाला कळणार नाही.