उम्म हिंदावीचा दाखला

“शिक्का काढा, उम्म हिंदावी. बाहेर गाडी थांबलीय माझी,” साक्षरता खात्याचे मुआवद साहेब म्हणाले.

“शिक्का कालव्यात आहे.”

“कालव्यात?”

“तीन वर्षं झाली. हवा तर बुडी मारून आणा.”

वर्गातल्या बायका पदराआड हसल्या. मला हसू आलं नाही. साक्षरतेचे दाखले मिळाल्याची पोच म्हणून साहेबांच्या वहीत सव्वीस बायकांनी सहीऐवजी आपल्या नावाचे शिक्के नाहीतर अंगठे उमटवले होते, आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. सत्ताविसावा रकाना तेवढा रिकामा होता. गुरुवारी आमचं गाव निरक्षरतामुक्त जाहीर व्हायचं होतं.

उम्म हिंदावी म्हणजे हिंदावीची आई. तिचाही असा पितळी शिक्का होता, गळ्यात दोरीला. “पाण्याच्या पाळीचा कागद आहे,” असं सांगून भावाने तो एका कागदावर उमटवून घेतला, आणि बापाच्या जमिनीतला तिचा वाटा गेला. दुसऱ्या दिवशी तिने शिक्का पाण्यात फेकला. यापुढे वाचल्याशिवाय कशावरही खूण करायची नाही, असं तिने ठरवलं, आणि गावात वर्ग निघाला तशी ती माझ्याकडे शिकायला आली. भाकऱ्या भाजून थेट यायची, कोपरापर्यंत पीठ घेऊन.

नऊ महिन्यांचा वर्ग साहेबांनी चार महिन्यांत गुंडाळला. निम्मी अक्षरंसुद्धा झाली नव्हती. परीक्षेला त्यांनी शहरातून शिकलेल्या मुली आणल्या. त्यांनी या बायकांच्या नावावर भराभर पेपर लिहिले. आणि मी? मी त्या मुलींना पाणी देत फिरत होते. माझी नेमणूक साहेबांच्या हातात होती.

“मग अंगठा द्या,” साहेब म्हणाले.

“त्या कागदावर काय लिहिलंय?”

“तुम्हाला लिहिता-वाचता येतं, असं लिहिलंय.”

“मग मला ते वाचता का येत नाही?”

“अहो, सगळ्यांनी दिला! तुमच्या एकटीपायी गाव अडून राहणार का?”

“गावाला सांगा, उम्म हिंदावी मठ्ठ आहे. अजून शिकतेय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग शाईच्या डबीत स्वतःचा अंगठा बुडवून त्यांनी तो तिच्या रकान्यात दाबला आणि रुमालाला पुसला. वही मिटली.

“झालं. मबरूक, अभिनंदन तुमचं.”

ती बाकावरून उठली. मग घाईने म्हणाली, “बरं, ते राहू द्या. शेजारच्या गावात शनिवारपासून वर्ग निघतोय ना? तिथं माझं नाव घाला. चालत जाईन मी.”

“साक्षर बाईचं नाव निरक्षरांच्या वर्गात कसं घालू? नियमात बसत नाही ते.”

“बाई,” ती माझ्याकडे वळली, “तुम्ही सांगा ना यांना. मला येत नाही म्हणून सांगा.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझा संताप संताप होत होता, साहेबांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी खाली वाकून खडूचे तुकडे डब्यात भरायला लागले.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बायका आपापले दाखले घेऊन गेल्या.

“कुठवर झालं होतं आपलं?” उम्म हिंदावीने आपली अभ्यासाची वही माझ्यापुढे धरली.

मी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. तिने ते पान दुमडलं, वही काखेत घेतली आणि ती गेली. दाखला बाकावरच पडून होता.