डोळेवालीची हार्ड डिस्क

गल्लीत तिला सगळे डोळेवाली म्हणत. ती कृत्रिम डोळे बनवायची. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, ते तिच्याकडे येत आणि ती त्यांच्या चांगल्या डोळ्याला जोड रंगवून देई. बुबुळाचा पिंगट रंग, त्याच्या कडेची राखाडी झाक, पांढऱ्या भागात शिरांसारखे तांबड्या रेशमाचे तंतू. हात असा बसलेला, की खरा डोळा कोणता हे समोरच्याला कळू नये.

प्रत्येकाच्या डोळ्याचे फोटो आणि खोबणीच्या मापाचं स्कॅन ती कॉम्प्युटरवर ठेवायची. एका सकाळी त्यातली हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि काही केल्या उघडेना.

आदल्याच दिवशी पोहायला शिकवणाऱ्या एका बाईचा फोन आला होता. सूर मारताना तिचा डोळा निसटला आणि तलावाच्या जाळीतून थेट गटारात गेला.

"डोळे आलेत असं सांगून रजेवर बसलेय," ती म्हणाली होती. "तिथं कुणालाच माहीत नाही हो. अगदी आधीसारखाच हवा."

"माप आहे माझ्याकडे. तुम्ही अगदी निश्चिंत राहा," डोळेवालीने ऐटीत सांगून टाकलं होतं. आता तिचीच झोप उडायची वेळ आली.

तिचा नवरा भूगोलाचा मास्तर, पण स्क्रू दिसला की त्याचे हात शिवशिवत. "थांब, एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवतो. चुटकीसरशी होईल," म्हणत त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. टकटक आणखी वाढली. तेव्हा तो जरा नरमला. "कोपऱ्यावरच्या दुकानात टाकू या का?"

"त्यात लोकांचे डोळा नसलेले चेहरे आहेत. जे त्यांनी घरच्यांनासुद्धा दाखवले नाहीत, ते कुणा परक्याच्या हातात देऊ?"

"मग ताईला विचारू."

ती कचरली. तिची नणंद हेच काम करायची. बिघडलेल्या डिस्कमधून गेलेलं परत आणायचं. पण नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाचं लग्न फिसकटलं, कुणाच्या सुनेने केस कापले, ही खबर सगळ्या गोतावळ्यात तिच्याचमुळे पोचायची. पण दुसरा इलाज काय होता? अडला हरी, असं मनात म्हणत डोळेवालीने फोन लावला.

"आधी बंद कर ती!" नणंद ओरडलीच. "टकटक म्हणजे आतला वाचणारा काटा बिघडलाय. जितक्यांदा चालू कराल तितकं हातचं जाईल. आणि त्या बृहस्पतीला लांब ठेव." बृहस्पती म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

इतक्या वर्षांत डोळेवाली नणंदेच्या कामाच्या खोलीत कधी गेली नव्हती; आज डिस्क घेऊन पहिल्यांदाच आली. कुलूपबंद लोखंडी कपाट, धूळ जाऊ नये म्हणून काचेची पेटी, हातमोजे. इथे नणंद जेवढ्यास तेवढंच बोलत होती. पेटीत हात घालून तिने बिघडलेला काटा काढला, दुसरा बसवला, आणि डिस्क एका नव्या डिस्कला जोडली.

"आजाऱ्याला पळायला लावायचं नसतं," ती म्हणाली. "आधी नक्कल काढायची. मग काय करायचं ते नकलेवर."

नक्कल गोगलगाईच्या चालीने उतरत होती. दोघी चहा पीत बसल्या. शेवटी नणंद म्हणाली, "आता फाइली उघडून बघायला हव्यात, धड आल्यात का."

डोळेवालीचा चेहरा उतरला. नणंद उठली, आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "तू बघ. उघडत नसेल तर नुसतं नाव सांग."

"तुम्ही नाही बघणार?"

"मी लोकांचं परत आणते गं, बघत नाही."

"तुम्ही?" डोळेवालीच्या तोंडून निसटलंच.

नणंद खळखळून हसली. "घरात मला काय म्हणतात ते ठाऊक आहे मला. अगं, नातेवाईक आपल्या भानगडी मला सांगतात ते मी चार जणांना सांगावं म्हणूनच! पण या खोलीतलं काही ऐकलंयस कधी माझ्याकडून?"

डोळेवालीने आठवून पाहिलं. एक अक्षरही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि छातीवरचं ओझंही उतरलं.

बरंचसं परत आलं. काही जुने फोटो गेले ते गेलेच. पोहणाऱ्या बाईच्या मापाचं स्कॅन धड निघालं, फोटो मात्र अर्धाच. खाली नुसती करडी पट्टी.

डोळेवाली निघण्याआधी नणंदेने दोन नव्या डिस्क भरल्या, दोन्ही पासवर्डने बंद. "एक घरी, एक माझ्या कपाटात. घरात चोर शिरला किंवा आग लागली तरी दुसरी आहे. आणि पासवर्ड मलाही सांगू नकोस."

"आमच्या मांजरीचं नाव ठेवू?" फोनवर हे ऐकत असलेल्या नवऱ्याने विचारलं.

"ठेव!" नणंद म्हणाली. "गल्लीभर तिला हाका मारत फिरतोस, चोराचे कष्ट वाचतील."

पुढच्या आठवड्यात पोहणारी बाई काळा चष्मा लावून आली. डोळेवालीने स्कॅनवरून डोळ्याचा आकार आधीच घडवून ठेवला होता. फोटो अर्धाच उरलाय, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं आणि बाईला उजेडात बसवलं. खालचा रंग तिने बाईच्या खऱ्या डोळ्यात बघून भरला. बाई मान न हलवता बसली होती, पण तोंड अखंड चालू होतं: तलावातल्या पोरी, पोहायला शिकायला येणारा पण पाण्याला घाबरणारा एक आडदांड पोलीस.

डोळा बसवल्यावर ती आरशात कितीतरी वेळ इकडेतिकडे बघत राहिली. मग चष्म्याची घडी घालून पिशवीत टाकली.

"उद्यापासून कामावर," ती म्हणाली. "पोलीस वाट बघत असेल."