गुपचूप पगारवाढ

शेठनं मिस्त्रीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पंखा मोठा केला आणि त्या घरघरीच्या आडोशानं सांगितलं, "या महिन्यापासून तुझा पगार वाढवलाय. पण बाहेर ब्र काढायचा नाही. बाकीच्यांना कळलं तर इथं रांग लागेल."

गॅरेज डिझेल गाड्यांचं. इंजिनाच्या कामाला मिस्त्री आणि काका, जोडीला एक वेल्डर. मिस्त्रीला हातात पाना धरायला शिकवलं ते काकांनी. त्यामुळे आनंद व्हायच्या आधीच त्याला काका आठवले.

"शेठ, मग काकांचा..."

"काकांना कोण पळवतंय? तुला पलीकडचा गॅरेजवाला बोलावतोय म्हणून वाढवला. जा आता, बसचा पंप उघडून पडलाय."

घरी गेल्या गेल्या त्यानं बायकोला सांगितलं. बायको हरखली. तिनं लगेच बाथरूमच्या दाराकडे बोट केलं. ते दार खालून इतकं कुजलं होतं, की आत कोण आंघोळ करतंय हे घरातले पावलांवरून ओळखत. "आधी हे," ती म्हणाली. मिस्त्री खुशीत हो म्हणाला. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, एवढंच सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काकांनी खिशात हात घातला, तर मिस्त्रीनं तो धरला. "राहू द्या काका, मी देतो." त्या दिवसापासून चहा रोज त्याचाच. मग चहाबरोबर बिस्किटं आली, वेल्डरला भजी आवडतात म्हणून भजी आली. ट्रकखाली शिरायची वेळ आली की हा म्हणे, "काका, तुम्ही बसा, मी आहे ना." स्वतःचा ठेवणीतला पान्यांचा संचही त्यानं काकांपुढे ठेवला. "वापरा. सगळं तुमचंच आहे."

काका चक्रावले. या माणसानं एका चहाचे पैसे त्यांच्याकडून दोनदा घेतले होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "बरा आहेस ना रे?"

मिस्त्रीचे डोळे भरून आले. "काका, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

झालं! काकांनी वेल्डरला कोपऱ्यात ओढलं. "लक्षण ठीक नाही."

"माझ्या मावशीचे यजमान असेच एकाएकी गोड बोलायला लागले होते," वेल्डर म्हणाला. "महिनाभरात गेले."

इकडे पगार झाला आणि बायकोनं हात पुढे केला. "वाढ कुठाय?"

"खर्च झाली."

"कशात?"

"चहात."

"चहा पीत होतात की त्यानं आंघोळ करत होतात?"

रविवारी सकाळी काका आणि वेल्डर पिशवीभर संत्री घेऊन दारात उभे राहिले. मिस्त्री आंघोळीला गेला होता. दोघे खुर्च्यांच्या कडेला टेकले. काकांची नजर बाथरूमच्या दाराखाली गेली.

"पायाला सूज दिसतेय," ते हळूच म्हणाले.

"आधीपासून तसेच आहेत ते," बायको म्हणाली.

"वहिनी, धीर सोडू नका," वेल्डर म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

काकांनी खिशातून पाकीट काढलं. "आम्ही दोघांनी थोडे जमवलेत. औषधपाण्याला होतील."

बायको आ वासून बघत राहिली. "अहो, त्यांना काय धाड भरलीये? पगार वाढल्यापासून तर दोन घास जास्तच जातायत."

आतला पाण्याचा आवाज बंद झाला. दाराखालची पावलं जागच्या जागी थिजली.

"पगार कधी वाढला?" काकांनी विचारलं.

"म्हणजे? तुमचा नाही वाढला?"

काकांनी पाकीट परत खिशात घातलं. वेल्डरनं पिशवीतलं एक संत्रं काढून सोलायला घेतलं.

"बाहेर ये," काका पावलांकडे बघून म्हणाले. "दिसतोयस तू."

मिस्त्री टॉवेल गुंडाळून, मान खाली घालून बाहेर आला. "शेठनं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, काका."

"पगार वाढला त्याचं मला काही नाही. पण गाढवा, तू चाललास म्हणून काल रात्री मला घास गिळवला नाही!" काकांचा आवाज चढता चढता फाटला आणि मग त्यांनाच हसू फुटलं. वेल्डर हसला. मिस्त्रीला मात्र हसताना टॉवेल सांभाळावा लागत होता.

सोमवारी तिघं मिळून केबिनमध्ये शिरले. शेठनं सवयीनं पंखा मोठा केला. काकांनी तो बंद केला.

"आम्हालाही पलीकडून बोलावणं आलंय," काका म्हणाले.

"तुम्हाला? या वयात?"

"वयाचंच बोलावणं आहे. मी शिकवायचं, त्यांनी शिकायचं."

खरं तर असं काही नव्हतं, पण काकांचा चेहरा असा, की शेठची विचारायची छाती झाली नाही. त्यानं खूप कुरकुर केली, डिझेलपासून वीजबिलापर्यंत सगळ्या भावांना शिव्या घातल्या आणि म्हणाला, "तिघांना एवढी वाढ द्यायची तर मी गॅरेज विकू का?"

"माझी अर्धी कापा," मिस्त्री बोलून गेला. "पण यांनाही द्या." बोलून झाल्यावर त्याला बायको आठवली. पण शेठनं तेवढ्यात होकार देऊन टाकला होता.

संध्याकाळी चपला न काढताच त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं बोटांवर हिशेब मांडला.

"पूर्ण वाढ होती तेव्हा घरात काय आलं?"

"काहीच नाही."

"आणि आता अर्धी तरी येईल?"

"येईल."

"मग आपला पगार आत्ता वाढला म्हणायचा." तिनं त्याच्या हातातला डबा घेतला. "पुढच्या वेळी शेठशी बोलायला मी येते. तुम्ही बाहेर गाडीखाली थांबा."

"चालेल," मिस्त्री म्हणाला, आणि त्याला ते अगदी मनापासून चालणार होतं.