बुधवारचं घर

मुलगी पसंत होती, मुलगा पसंत होता, पत्रिका कुणी मागितली नव्हती. राहिलं होतं फक्त घर बघणं. आमच्याकडे मुलीची माणसं मुलाचं घर बघायला येतात, चहा पितात, छताकडे बघून "हवा चांगली खेळती आहे" म्हणतात आणि जातात. पण वेदिका म्हणाली, "मी स्वतः येणार. आणि रविवारी नाही, बुधवारी. बँक सुटली की तशीच."

"बुधवारी का?"

"रविवारचं घर सगळ्यांचंच चांगलं असतं."

तिच्या बहिणीनं रविवारचं घर बघून लग्न केलं होतं. आता ती दिवसभर शाळेत शिकवते आणि घरी आली की सासरच्या भांड्यांना शिकवते. वेदिकानं सरळच सांगितलं, "दोघंही नोकरी करणार ना? मग घर कोण साफ ठेवतं ते मला आधी बघायचंय. नाही पटलं तर नाही म्हणेन. राग मानू नका, योगेश."

मी राग मानला नाही. मी घाबरलो. वेदिका मला फार आवडली होती, आणि माझं घर मला माहीत होतं.

पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा चुलतभाऊ सोमनाथ राहतो. दोघंही अंबडला एकाच कंपनीत. आम्ही निघतो तेव्हा घंटागाडी आलेली नसते, परत येतो तेव्हा गेलेली असते. दिवसभर कचरा घरात एकटा असतो आणि त्याला वाढायला पूर्ण मोकळीक असते.

सिंकच्या जाळीवर एक करडा, बुळबुळीत थर होता. बाथरूमच्या जाळीत आमच्या दोघांच्या केसांपासून तिसरा माणूस तयार होत होता. फरशीचं फडकं इतकं आंबलं होतं की पुसल्यावर फरशी जास्त वास मारायची, म्हणून स्वच्छतेचा विचार करून आम्ही पुसणं बंद केलं होतं. चहाच्या गाळणीतून पलीकडे जायला चहाच तयार नसायचा.

आणि गॅलरीत कांदा होता.

तो सहादूकाकांनी देवळ्याहून पाठवला होता. सहादूकाका म्हणजे सोमनाथचे वडील. घरचा कांदा असताना पोरांनी विकत घेऊन खायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून दोन माणसांना खायला दोन गोण्या. उन्हाळ कांदा पावसाळी हवेत निवडावा लागतो, सडका काढावा लागतो, नाहीतर एक सडतो आणि शेजाऱ्याला घेऊन जातो. हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. म्हणूनच बहुतेक आम्ही ते केलं नाही. श्रावण निम्मा झाला तेव्हा गोणीतून तपकिरी पाणी सुटलं. मग चिलटं आली. मग पाण्यात पांढरं काहीतरी वळवळलं. सोमनाथ म्हणाला, "तांदूळ सांडला असेल." आम्ही गॅलरीचं दार लावून घेतलं.

वेदिका येणार हे कळल्यावर मी त्याला म्हणालो, "सोम्या, आपल्याला रोजच्या रोज काहीतरी करावं लागणार. थोडं थोडं. नोकरी सांभाळून."

"थोडं थोडं कशाला? फाइव्ह एस लावू."

फाइव्ह एस म्हणजे आमच्या कंपनीतली टापटिपीची पद्धत. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारायच्या, प्रत्येक वस्तूची जागा आखायची, नको त्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची, भिंतीवर बोर्ड लावून रोजचं काम झालं की हिरवा ठिपका द्यायचा. सोमनाथ तिकडे त्याचा प्रमुख आहे. त्यानं शनिवारी सगळं घर आखलं. झाडूची बाह्यरेषा भिंतीवर काढली. बादलीभोवती पिवळा चौकोन आला. मी सोफ्यावर बसतो तिथं माझं नाव आलं.

साफ काहीच झालं नाही, पण कुठं काय घाण आहे ते आता लांबूनही स्पष्ट दिसायला लागलं.

कांद्याच्या गोण्यांना लाल चिठ्ठी लागली. "आता फेकू," मी म्हणालो.

"असं नाही फेकता येत. लाल चिठ्ठीवर मालकाची मंजुरी लागते." त्यानं काकांना फोन लावला.

काका आधी "कांदा कसाय?" विचारतात, मग "तू कसाय?" सोमनाथ म्हणाला, "अण्णा, थोडा खराब झालाय. टाकून देऊ का?"

"टाकून?" काका म्हणाले. "निवडा रे. घरचा कांदा टाकायचा नाय. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, अण्णा? तिसरा मजला आहे."

"कांद्याला कळतं," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

मंजुरी मिळाली नाही. गोण्या तिथंच राहिल्या. पाणी गॅलरीच्या दाराखालून खोलीत आलं, तेव्हा सोमनाथनं त्याच्याभोवती पिवळी पट्टी मारली आणि आत लिहिलं, ओला भाग. दुसऱ्या दिवशी पाणी पट्टीच्या बाहेर आलं. त्यानं पट्टी पुढं सरकवली. सरकवताना त्याच्या पायाला अळी लागली, ती त्यानं झटकून परत पट्टीच्या आत टाकली. शिस्त म्हणजे शिस्त.

बोर्ड मात्र हिरवागार होता. दमून आल्यावर ओटा घासण्यापेक्षा ठिपका देणं सोपं पडायचं. कंपनीतही ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे ठिपके एकदमच देतो, आणि आजवर कुणी बोर्डाच्या पलीकडे बघितलेलं नाही.

बुधवारी वेदिका आली. सोबत तिची आत्या, आक्काबाई, नामपूरहून खास आलेल्या. दारातच त्यांनी पदर नाकाला लावला.

"काय मेलंय का रे पोरा घरात?"

"नाही, बसा ना," मी म्हणालो. त्या माझ्या नावावर बसल्या.

वेदिकानं बोर्ड वाचला. "सिंक, हिरवा. बाथरूम, हिरवा. गॅलरी, हिरवा." मग ती सिंकपाशी गेली आणि दोन बोटांनी जाळी उचलली. खालून लांबलचक काहीतरी जाळीसोबत वर आलं आणि लोंबकळत राहिलं. ती ओरडली नाही. तिनं जाळी परत ठेवली, हात धुतला, आणि पुसायला टॉवेल दिसला तेव्हा हात तसाच ओला ठेवला.

आक्काबाईंनी तोवर गॅलरीचं दार उघडलं होतं. चिलटांचा ढग आधी आत आला, वास मागून.

"अगं बाई! कांदा सडवला! शेतकऱ्याची ना रे तुम्ही पोरं?"

"मंजुरी बाकी आहे," सोमनाथ म्हणाला.

"कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

आक्काबाईंनी पदर खोचला आणि आखलेल्या रेषेतून झाडू काढला. आमच्याकडे पाहुणी बाई असंच करते. घाण दिसली की तिचा हात थांबत नाही.

"आत्या, ठेव तो," वेदिका म्हणाली.

"अगं, हे वळवळतंय बघ!"

"वळवळू दे. तू हात लावलास, तर मी नाही म्हणून सांगेन. आज तू, उद्या मी." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही करा. आत्ता. मी बसते."

मी माझ्या कामाच्या बॅगेतली प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळली. गोणी ओढली तर बूड तिथंच राहिलं आणि कांदे घरंगळत खोलीभर पसरले. पहिला उचलला तो वरून लालबुंद होता. आतून तो कांदा राहिलाच नव्हता. तो माझ्या मुठीत फुटला आणि कोपरापर्यंत आला. मी ओकलो. मग ओकारी पुसायला घेतली, तर फडक्याच्या वासानं सोमनाथ ओकला.

"तुझं तू पूस," मी म्हणालो.

"जागा तुझ्या पट्टीत आहे."

आक्काबाईंना ते बघवेना. त्यांचे हात मांडीवर आपोआप पुसण्यासारखे हलत होते. शेवटी त्या उठल्या आणि माझ्या हातातलं फडकं त्यांनी धरलं. "दे इकडे. बाप्यांना नाय जमत."

वेदिकानं पर्स खांद्याला लावली आणि ती उभी राहिली.

मी फडकं सोडलं नाही. वास्तविक त्या बाईंच्या मी पाया पडायला हवं होतं. त्यांनी ओढलं, मी ओढलं. त्यांच्या हाताला आयुष्यभराच्या शेताची ताकद होती. ओकारीचं पाणी आमच्या दोघांच्या मधोमध ठिबकत होतं. "आक्काबाई, सोडा," मी म्हणालो, "माझी घाण आहे, माझी मला पुसू द्या!" आणि सगळा जोर लावला. आक्काबाई सोफ्यावर जाऊन बसल्या, फडकं माझ्याकडे आलं आणि फटकन माझ्याच तोंडावर बसलं.

मी तोंड न धुता फरशी पुसली.

"पोरगं उद्धट आहे," आक्काबाई म्हणाल्या.

"हो," वेदिका म्हणाली. "चालेल."

जाताना तिनं बोर्ड खिळ्यावरून काढून सोमनाथच्या हातात दिला. "हे कंपनीत न्या. जेवलं की ज्याचं त्यानं ताट घासायचं. अंघोळ झाली की बाथरूमचं पाणी ओढून काढायचं. कचरा शिफ्टला निघताना खाली न्यायचा, घंटागाडीची वाट बघत बसायचं नाही. बाकी दिवसाला एकच खोली, दोघांनी पाळीपाळीनं. त्याच्यापेक्षा जास्त ठरवू नका, होणार नाही." मग मला म्हणाली, "माझा होकार आहे. पण साखरपुडा हा वास गेल्यावर. याच घरात मला राहायचंय."

कांदा पोत्यात भरला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही घंटागाडीवाल्याला दिला. त्यानं गाडीतल्या बाकी कचऱ्याकडे माफी मागितल्यासारखं बघितलं. काकांना सोमनाथनं सांगितलं, कांदा संपला. काका इतके खूश झाले की त्यांनी आणखी दोन गोण्या पाठवल्या. त्या आम्ही दर शुक्रवारी निवडतो, कारण शुक्रवारी गॅलरी असते.

वास मात्र गेला की नाही हे आम्हाला कळेना. आमची नाकं त्याच्यातच वाढलेली. म्हणून दर बुधवारी बँक सुटली की वेदिका यायची, दारात उभी राहायची, एकदा श्वास घ्यायची, "अजून आहे" म्हणायची आणि जायची. मी तिच्या मागं दार लावून त्या दिवसाची खोली पुसायला घ्यायचो. खरं सांगायचं तर ते काम मला कधीच आवडलं नाही. केसांची जाळी उपसताना अजूनही शिसारी येते.

गेल्या बुधवारी ती आली. दारात उभी राहून तिनं श्वास घेतला. परत एकदा घेतला. मग वाकून चपलेचा बंद सोडला.